पर्यावरणाचा तास आणि शाळेचा दिवस



शाळेत पर्यावरण शिकवले जात नाही, अशी तक्रार आज कोणालाही करता येणार नाही. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय सर्व स्तरांवर शिकवण्याचे निर्देश दिले आणि पुढे २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावाही केला. महाराष्ट्रात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आणि वरच्या वर्गांत ‘जलसुरक्षा’ अभ्यासक्रमात आहे, तर शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेनेची पथकेही स्थापन झालेली आहेत. तरीही ज्या वर्गात वायुप्रदूषणाचा धडा चालू असतो, त्याच वर्गाच्या खिडकीतून मागच्या अंगणात जाळलेल्या पाचोळ्याचा आणि कागदांचा धूर आत येतो, आणि त्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

या विसंगतीचे मूळ शिक्षणाच्या उद्दिष्टांची जी काटछाट झाली तिच्यात आहे. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टे सांगितली होती. त्यांपैकी ज्यांवर प्रश्नपत्रिका काढता येते तेवढी आपल्या व्यवस्थेने उचलली आणि उरलेली ‘प्रकल्प’ नावाच्या रकान्यात ढकलली. प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे शाळेजवळचा स्टेशनरीवाला अधिक चांगले सांगू शकेल. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताटल्या व सजावटीवर बंदी घातली, त्यानंतरही जलसंधारणाची प्रतिकृती थर्माकोलचीच करून आणलेली आढळते आणि तिला गुणही चांगले मिळतात.

बाजूला पडलेली ही उद्दिष्टे प्रकल्पाने नव्हे, सवयीने साधतात. मानसशास्त्रात सवय म्हणजे ठरावीक ठिकाणी व ठरावीक खुणेसरशी, फारसा विचार न करता घडणारी कृती. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, मात्र व्यक्तीव्यक्तीनुसार हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. तो अभ्यास प्रौढांचा होता हे लक्षात ठेवूनही त्यातून एवढे निघते की, एका दिवसाच्या प्रभातफेरीने काही साधत नाही; शिवाय जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि त्या दिवशी आपल्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टीच असते. जून ते दिवाळी हे पहिले सत्र मात्र सवय लावण्यास पुरेसे आहे, फक्त ती कृती शाळेच्या रोजच्या दिनक्रमात बसवलेली हवी.

शालेय पोषण आहाराची वेळ घ्यावी. खिचडी संपताच मुले नळांच्या रांगेपाशी गर्दी करतात, तोटी पूर्ण सोडून ताटे धुतली जातात, आणि शितांसह ते पाणी गटारात जाते. याच जागी उष्ट्यासाठी एक बादली ठेवली, ताट धुण्यासाठी पिंप आणि मग ठेवले, आणि सांडपाण्याचा पाट काढून त्यावर अळू, केळी व कर्दळ लावली, तर पाणी जपण्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. ग्रामीण घरांच्या मोरीमागे ही युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सुटीची घंटा झाल्यावर दप्तरातल्या बाटलीतले उरलेले पाणी ओतून देण्याऐवजी दारातल्या कुंडीत घालणे, ही अशीच घंटेला बांधलेली कृती होय. वृक्षारोपणाचे मात्र उलटे आहे. जुलैत रोप लावले जाते, मे महिन्यात शाळा बंद असताना ते वाळते आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप येते. ज्या शाळेत सुट्टीतल्या पाण्याची पाळी ठरलेली नाही, तिने रोपे कमी लावावीत, हे बरे.

येथे एक अडचण स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. स्वच्छतेचे काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आपल्याकडे जातीचा आणि लिंगभावाचा आहे. झाडू मुलींच्या हाती आणि फळ्यावरचा सुविचार मुलांच्या हाती, अशी वाटणी कित्येक शाळांत नकळत होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या ‘नई तालीम’ या शिक्षणविचाराने, म्हणजे हातांच्या कामातून ज्ञान देण्याच्या पद्धतीने, सफाईला अभ्यासाचा भाग मानले होते. सफाईच्या पाळीत शिक्षकांचे नाव नसेल, तर मुले त्यातून स्वच्छता शिकत नाहीत, उतरंड शिकतात.

पाठ्यपुस्तकांबाबत तर धोरणानेच सवय मोडल्याचे उदाहरण ताजे आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्यात आली. हेतू चांगला असला तरी मुलांनी लिहिलेले पुस्तक धाकट्या भावंडाला किंवा पुढच्या वर्गाला देण्याजोगे राहिले नाही, आणि २०२५ मध्ये हा निर्णय मागे घ्यावा लागला. वर्तमानपत्राचे कव्हर घालून पुस्तक जपणे आणि थोरल्याचे दप्तर धाकट्याने वापरणे या सवयी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. परिस्थितीनेच त्या लावलेल्या असतात. याउलट, दर जूनला नव्या रंगाचा गणवेश आणि शाळेचे नाव छापलेल्या वह्या ठरावीक दुकानातूनच घ्यायला लावणाऱ्या संस्था आपल्या भिंतींवर ‘पुनर्वापर करा’ असे फलक रंगवतात. काटकसरीचा उपदेश गरिबाच्या मुलाला आणि खरेदीची यादी सगळ्यांना, हा प्रकार थांबला पाहिजे.

म्हणून या अधिवेशनास उपस्थित मुख्याध्यापकांना विनंती अशी की, येत्या जूनमध्ये पालकांच्या हाती साहित्याची यादी देण्याआधी तिच्यातल्या कोणत्या वस्तू मागच्या वर्षीच्या चालतील, हे शिक्षकसभेत ठरवावे, आणि त्या वस्तू यादीतून खोडूनच ती पालकांना द्यावी.