टॅब घ्यायचे की लॅपटॉप?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून 'मोबाइलमुळे कॉम्प्युटर कसा बदलला' यावर बोल, असा मला हुकूम झाला. पण सकाळी चहा घेताना कळलं, की आपल्या वर्गणीतून शाळेला टॅब द्यायचं जवळपास ठरलंय. तेव्हा विषय तोच ठेवते, पण बोलते त्या टॅबबद्दल.

कॉम्प्युटरला मी पहिल्यांदा हात लावला १९९७ साली, शेगावला इंजिनिअरिंगला गेल्यावर. चपला बाहेर काढायच्या आणि एका मशीनवर तिघींनी बसायचं. केलेलं काम १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर घ्यायचं, आणि नेमकी सबमिशनच्या दिवशी ती उघडायची नाही. 'पर्सनल कॉम्प्युटर' म्हणायचे त्याला. आमच्यासाठी त्यात पर्सनल काहीच नव्हतं.

आपल्याकडे पर्सनल कॉम्प्युटर खरा आला तो मोबाइलच्या रूपानं, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा. माझा भाऊ चिखली तालुक्यात शेती करतो. त्यानं जन्मात माऊस धरला नाही, पण ई-पीक पाहणी २०२१ पासून तोच करतो. सोयाबीनच्या वावरात उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पेरा भरायचा, फोटो काढायचा. आपण कुठं उभे आहोत ते फोनला कळतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरला हे जमलंच नसतं. आणि माझी आई! तिला फारसं लिहिता येत नाही. ती फोनशी बोलते आणि मराठी अक्षरं उमटतात. त्याच मराठीसाठी मी एकेकाळी फॉन्टशी किती भांडले! इथं टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसत्या चौकटी दिसायच्या.

तर मोबाइलच्या विरोधात बोलायला मी उभी नाही.

अडचण कळली ती भाचीमुळे. पोरगी हुशार, सायन्सची, सगळा अभ्यास मोबाइलवर. सीईटीचे सराव पेपरसुद्धा त्यावरच. पण एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते, जेईई मेनही तशीच. परीक्षेहून आली ती रडत. "आत्या, तो बाण हातातून पळतच होता." पहिली पंधरा मिनिटं माऊस सावरण्यात गेली, आणि मग घाईत येणारी उत्तरंही चुकली. फिजिक्स येत होतं हो तिला.

नंतर ती माझ्याकडे आली. म्हटलं, तुझ्या फॉर्मची फाइल दे. म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे." तिथून कुठं ठेवलीस? तिला प्रश्नच कळला नाही. चूक तिची नाही. फोल्डरची कटकट माणसाला दिसू नये, अशीच मोबाइलची रचना आम्ही लोकांनी केली. बघायला, पाठवायला, पैसे द्यायला ते उत्तम. पण दोनशे ओळींचा तक्ता करायचा, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा, प्रोग्राम करून चुका शोधायच्या, तर त्या काचेवर जीव मेटाकुटीला येतो. मी इतकी वर्षं मोबाइलची अ‍ॅप्स लिहितेय. त्यातली एकही ओळ मोबाइलवर लिहिलेली नाही.

आपल्या शाळेतल्या पोरांच्या घरी फोन आहेत. टॅब म्हणजे त्याहून मोठा फोन. टॅबच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे, लाइन गेली तरी तो चालतो. पण तसा लॅपटॉपही चालतो. कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप विकायला काढतात. ते आणायचे. नग कमी येतील, पण प्रत्येकाला कीबोर्ड असेल. आणि टॅबची ऑर्डर गेलीच असेल, तर निदान प्रत्येकाबरोबर कीबोर्ड-माऊस घ्या, तो जोडता येतो.

सर, शाळा सुटल्यावर एक तास ती खोली उघडी राहील का, एवढं फक्त तुम्ही बघा. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस शिकवायला मी येते. पहिले दोन लॅपटॉप माझ्याकडून. बाकीचा हिशेब जेवताना करू.