रेशनचे धान्य आणि गृहिणीचा जमाखर्च

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मंदिराचा इतिहास झाला, शिक्षणकार्याचा आढावा झाला. मला मात्र कार्यकारिणीने 'साधर्मिकांचे अन्नसाहाय्य' हा विषय दिला. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने जमा आणि नावे एवढेच मला समजते. स्वयंपाकघरातील अधिकार माझा नाही. म्हणून या विषयाची तयारी करताना मी ग्रंथांपेक्षा आपल्याच समाजातील पाच-सहा भगिनींना अधिक प्रश्न विचारले, आणि त्यांनी सांगितलेले तराजूवर तोलून पाहिले. त्यांची नावे मी सांगणार नाही.

'आपल्या समाजात रेशनवर जगणारे कोण आहे?' असे वाक्य आपण सहज बोलून जातो. यंत्रमागावर पाळी करणारे, दुकानात दिवाणजी किंवा विक्रेता म्हणून राबणारे, पापड-शेवया लाटून मुले शिकवणाऱ्या विधवा भगिनी, शेती विकून शहरात आलेली वृद्ध दांपत्ये ही सारी आपलीच माणसे आहेत. पर्युषणात ती धुवट कपड्यांत पूजेला येतात, आणि धुवट कपड्यांमागचा डबा आपल्याला दिसत नाही. कापडाच्या धंद्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने हे सांगावे, यातले मर्म आपण जाणालच.

रेशन ही व्यवस्था नवी नव्हे. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत ती सुरू झाली. त्याच सुमारास कापडावरही नियंत्रण आले. म्हणूनच जुनी माणसे आजही रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची चव माझ्या वयाच्या येथील अनेकांच्या जिभेवर अजून असेल. त्या वर्षी रेशनच्या रांगेत उभे राहण्यात कोणाला लाज वाटत नव्हती, कारण रांगेत सारा गाव होता. आज रांग लहान झाली आणि लाज मोठी झाली.

आता हिशेबाकडे येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य ठरले. प्रारंभी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता; १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. चार माणसांचे घर धरा. महिन्याला २० किलो, म्हणजे दिवसाला ६६७ ग्रॅम, माणशी १६७ ग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य असावे असे सांगते. त्या मापाने या घराला ३० किलो धान्य हवे. दहा किलोची तूट येथेच आली. आणि डाळ? ८५ ग्रॅमप्रमाणे चार माणसांना महिन्याला दहा किलोहून अधिक डाळ लागते. या कायद्याच्या नियमित कोट्यात डाळ नाही. तूरडाळ २०१५ साली किलोला दोनशेच्या घरात गेली होती, हे आपणास आठवत असेल. श्रीमंताच्या घरी त्या वर्षी तक्रार झाली. गरिबाच्या घरी वरण पातळ झाले.

आणखी एक गोष्ट, जी दुकानमालकांनी विशेष ऐकावी. योजना लागू झाली तेव्हा शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली. बारांनी भागा, महिन्याला पाच हजारही होत नाहीत. याहून थोडे अधिक मिळवणारा आपला विक्रेता केशरी कार्ड असूनही या यादीबाहेर राहू शकतो. सरकारच्या दृष्टीने तो गरीब नाही आणि किराणा दुकानदाराच्या दृष्टीने तो श्रीमंत नाही.

आता चुलीकडे वळू. काटकसरीच्या स्वयंपाकाची जी पुस्तके आणि सदरे निघतात, त्यांतील निम्म्या युक्त्या आपल्या घरात चालत नाहीत. स्वस्त बटाटा-कांदा आपल्याला वर्ज्य. रात्रीच्या उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा करावा, तर बासी अन्न वर्ज्य. मोड आलेली मटकी पुष्कळ घरांत नेमामुळे चालत नाही. ताकात पिठले करावे, तर द्विदळाचा विचार येतो. पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरात पावसाळ्यात तीन दिवसांहून जुने पीठ चालत नाही. म्हणजे महिन्याचे दळण एकदम आणता येत नाही, गिरणीच्या फेऱ्या वाढतात. बाहेरचा माणूस म्हणेल, इतक्या अटींत गरिबाने नेम सोडावेत. ज्या भगिनींशी मी बोललो, त्यांपैकी एकीनेही नेम सोडलेला नाही. उलट त्या अटींतूनच त्यांचा काटेकोरपणा आला आहे. शिळे चालत नाही म्हणून अन्न उरूच द्यायचे नाही. म्हणून सारे वाटीने मोजून. एक अक्का तर कणीक मळण्यापूर्वी प्रत्येकाला 'किती खाणार?' असे विचारून मगच परातीत पीठ घेतात. उरलीच एखादी पोळी, तर सूर्यास्तापूर्वी तव्यावर दाबून, कोरडी भाजून तिचा खाकरा होतो.

या अक्कांनी मला चकोल्यांचे गणित सांगितले, ते मी वजन करून पाहिले आहे. चार माणसांसाठी तूर-मसूर मिळून एक वाटी डाळ, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, शिजवून चिंच-गुळाची पातळ आमटी करायची. ३०० ग्रॅम कणकेची पोळी लाटून, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून, एकेक करून उकळत्या आमटीत सोडायचे. वेगळी भाजी नाही, पोळीला तेल नाही, गॅस एकाच भांड्याचा. पोट भरते, आणि धान्यासोबत डाळ पोटात गेल्याने दोहोंतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. सायंकाळी दिवस मावळण्यापूर्वी ३०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम मुगाची डाळ यांची खिचडी, सोबत दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी. दुधीचा गर दुसऱ्या दिवशीच्या भाजीला. आता बेरीज करा. दोन्ही वेळचे मिळून ६०० ग्रॅम धान्य गेले. रेशनचे दिवसाचे ६७ ग्रॅम उरले, त्यात चार माणसांची न्याहारी बसवायची आहे! आणि डाळ २५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. म्हणून हा बेत रोज होत नाही. मधल्या दिवशी हुलग्याचे माडगे, चवळीची उसळ, मसुराची आमटी. तुरीचा भाव चढला की हुलगा आणि मसूर घर सांभाळतात; प्रथिनांत ती तुरीहून उणी नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसतेच, तेव्हा सांडगे, पापडाची भाजी, मेथीदाणे. बटाट्याच्या जागी कच्ची केळी. लसणीवाचून शेंगदाणा-मिरचीचा ठेचा. परसातल्या शेवग्याचा पाला ज्या दिवसांत चालतो त्या दिवसांत घ्यावा, आणि वर लिंबू पिळावे म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने उलटे होते.

रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत जे वेगळे दिसणारे दाणे मिसळून आले, त्यांना प्लॅस्टिकचे समजून अनेक घरांत निवडून फेकले गेले. ते तांदळाच्याच पिठाचे बनवलेले असून त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व असते. शंभर दाण्यांत एक असे त्यांचे प्रमाण ठरवलेले आहे. शाकाहारी माणसाला बी-१२ अन्यत्र दुर्मीळ. तेव्हा ते दाणे फेकू नयेत. आणि महिन्याचे धान्य एकदम हाती आले की सोंडा लागण्यापूर्वीच कडक उन्हात वाळवून, तांदळाला एरंडेलाचा हात लावून ठेवावे. किडे पडल्यावर ऊन दाखवणे म्हणजे धान्यही गेले आणि हिंसाही झाली.

येथे एक शंका मला एका तरुणाने विचारली. आपल्या धर्मात अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, हे तप सांगितले आहे. मग कमी मिळाले तर बिघडले काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे अवमौदर्य हे भरलेल्या ताटासमोर बसलेल्याचे तप आहे. जिच्या डब्यात पीठच नाही आणि जी मुलांना वाढून स्वतः 'आज माझा उपवास' म्हणते, तिच्या उपवासाला आपण तप म्हणून टाळ्या वाजवू नयेत. तिच्यासाठी शास्त्रात वेगळा शब्द आहे आणि तो आपल्यासाठी आहे: आहारदान. चार दानांत त्याचे नाव घेतले जाते.

मात्र दान हे पावतीसारखे असू नये. ठिकठिकाणच्या संस्था वाटतात त्या किटमध्ये दहा किलो गहू, पाच किलो तांदूळ, दोन किलो साखर आणि एक किलो तूरडाळ असते. गहू-तांदूळ काही प्रमाणात सरकार देतेच. उणे आहे ते डाळ, तेल आणि शेंगदाणे. तेव्हा चार माणसांच्या घरासाठी माझी सूचना अशी: तूर, हरभरा आणि मसूर डाळ प्रत्येकी एक किलो, हुलगा किंवा चवळी एक किलो, शेंगदाणे एक किलो, तेल दोन लिटर, गूळ एक किलो, आणि धान्याची तूट भरायला ज्वारी पाच किलो. ज्वारीच्या ऐवजी गहू दिला तरी चालेल, पण आपल्या भागातील हातांना भाकरी येते आणि भाकरीला तेल लागत नाही. यातूनही माणशी डाळ दिवसाला तेहेतीस ग्रॅमच होते. अर्ध्यालाही पुरत नाही. पण वरण पातळ व्हायचे थांबेल.

दुसरी सूचना छायाचित्रांविषयी. पिशवी घेताना छायाचित्र काढण्याची प्रथा बंद व्हावी, असे मी विश्वस्त मंडळाला नम्रपणे सुचवतो. व्यापाऱ्याची रीत अशी आहे की उधारीचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचत नाहीत. न्यासाने किराणा दुकानांत खाते उघडावे. कुटुंबाला केवळ क्रमांक असलेले पुस्तक द्यावे. भगिनीने आपल्या नेहमीच्या दुकानात इतर गिऱ्हाइकांसारखे जाऊन ठरलेल्या रकमेची डाळ, तेल, शेंगदाणे घ्यावेत. तुरीऐवजी हुलगा घ्यायचा की मसूर, हे तिने ठरवावे, कारण भाव तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. दुकानदाराने महिनाअखेर क्रमांकानुसार बिल न्यासाकडे पाठवावे. नावांची यादी फक्त दोन विश्वस्तांकडे राहील.

आपल्या पेठेतील दोन किराणा व्यापारी बंधूंनी या कामी खरेदीच्या भावात माल देण्याचे मान्य केले आहे. आणखी तीन दुकाने हवी आहेत, म्हणजे गावाच्या तिन्ही बाजूंना सोय होईल. जे बंधू इच्छुक असतील त्यांनी सभा संपल्यावर मला या व्यासपीठाच्या डाव्या बाजूस भेटावे. वही मी सोबत आणली आहे.

जय जिनेंद्र.