दवाखान्यातील हजेरीपट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लासूर स्टेशन येथे दिलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार, वधूवरांची नोंद आणि शिष्यवृत्तीचा हिशेब हे आपल्या संमेलनाचे ठरलेले विषय. यंदा चिटणीसांनी आम्हांस आरोग्यावर बोलावयास सांगितले. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर खडू झिजविलेले मॅट्रिक शिक्षक. तथापि ज्याने वर्षानुवर्षे हजेरीपट भरला, त्यास मोजणीचे मोल वेगळे सांगावयास नको. आणि आजचा विषय मोजणीचाच आहे. रोग्यास बरे करता करता त्यास अपाय तर होत नाही ना, हे ओळखावे कसे?

आमच्या नात्यातील एक वृद्ध गृहस्थ मध्यंतरी भोवळ येऊन पडले. चौकशीअंती कळले की, रक्तदाबाचे एकच औषध दोन दवाखान्यांतून दोन निराळ्या नावांनी त्यांना मिळत होते आणि ते दोन्ही गोळ्या नेमाने घेत होते. दोन्ही डॉक्टर सज्जन. एकाचे औषध दुसऱ्यास ठाऊक नव्हते, इतकेच. घरची मंडळी मात्र दोषी माणूस शोधीत बसली. फट कोठे राहिली, हे कोणीच विचारले नाही.

लासूरकरांना ही गोष्ट समजावयास अवघड नाही. जुन्या एकेरी लोहमार्गावर टोकन हाती पडल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नसे. चालक कितीही जुनाजाणता असो, त्याच्या स्मरणावर कोणी विसंबत नसे. दवाखान्यासही अशीच टोकने हवीत, आणि काही आहेतही. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक चौकोन छापलेला असतो. चौकोन वर्तुळाहून फिका आहे तोवर, मुदत उलटली नसेल तर, लस चालते. उष्णतेने तो गडद होत वर्तुळाच्या रंगास मिळाला की कुपी बाद. निरक्षर मातेसही हे पाहता येते. लसीच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांत आहे की नाही, याची नोंद दिवसातून दोनदा व्हावयाची असते. आमच्या भगिनींनी एकदा तो तक्ता पाहावयास मागावा. त्यात उद्धटपणा यत्किंचितही नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचा थोर दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यांतील जन्ममृत्यू आधी काटेकोर मोजले. न्यूमोनिया ओळखण्यास बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक झाला तर ते धोक्याचे चिन्ह. अंक न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मण्यांचे साधन केले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तेथे हजार जन्मांमागे ६२ च्या आसपास असलेले नवजात मृत्यू १९९७-९८ पर्यंत २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. मोजणी नसती, तर ही कामगिरी ऐकीव कथाच ठरली असती.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठीही राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. प्रत्येक मुद्द्यास शून्य, एक वा दोन गुण. प्रमाणपत्रास ७० टक्के हवेत. तपासनीस प्रत्यक्ष पाहतो, नोंदी चाळतो, कर्मचाऱ्यांशी आणि रोग्यांशीही बोलतो. शिक्षकास ही रीत आवडली. पण एक धास्ती वाटते: तपासणी येणार म्हणून भिंती रंगविण्याची विद्या आम्ही शाळांतून पुष्कळ पाहिली आहे. शिवाय चूक कळविणाऱ्या परिचारिकेवरच ठपका ठेवला, तर पुढल्या वेळी वही कोरीच राहील. चुकीची औषधबाटली हाती आली होती पण वेळीच ध्यानात आली, अशी नोंद करणाऱ्यास शाबासकी मिळावयास हवी.

आता मंडळाकडे. शहरातील मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मंडळ मदत देते, ते योग्यच. परंतु आपली माणसे प्रथम जातात ती जवळच्या दवाखान्यात. तेव्हा आमच्या दोन सूचना आहेत. सभासद-पुस्तिकेत एक पान औषधांसाठी राखावे: औषधाचे मूळ नाव, मात्रा, कोणी व कधी दिले, आणि कोणते औषध सोसत नाही. ते प्रत्येक डॉक्टरापुढे ठेवावे. दुसरी सूचना अशी की, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत काय चालते याची चौकशी दोन सभासदांनी वर्षभर करावी. कार्यकारिणीत एका वडीलधाऱ्यांनी शंका काढली की, ‘अशाने डॉक्टर रागावतील.’ आमच्या परिचयातील डॉक्टरांस आम्ही तो कागद दाखविला. त्यांनी त्यावर मूत्रपिंडाच्या विकाराचा एक रकाना आपण होऊन वाढविला. नमुना चिटणीसांकडे दिला आहे. छपाईचा खर्च पुढील सभेत मांडावा.