‘सामाजिक अंतर’ आमच्या दारात सांगू नका
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण)



साथ आली की सरकारकडं दोन गोष्टी तयार असतात. कायदा आणि पत्रक. इंग्रजांनी प्लेगच्या वेळी, १८९७ साली केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा बाहेर काढला. आणि पत्रकावर काय? सोशल डिस्टन्सिंग. कुणीतरी पंख्याखाली बसून त्याचं मराठी केलं, सामाजिक अंतर. वा रे भाषांतर! विहिरीपासून अंतर, देवळापासून अंतर, चहाच्या कपापासून अंतर. पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय पाळलं आम्ही? आणि आता आमच्याच पोरीला अंगात अ‍ॅप्रन घालून आमच्याच दारात हे बोलायला पाठवता! जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडचा भोंगा मात्र जुनंच ओकत राहिला.

पण नुसता शब्द बदलून भागत नाही. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरात लाखो माणसं. दहा बाय दहाची खोली, संडास सार्वजनिक. सहा फूट आणायचे कुठनं? म्हणून मी प्रशिक्षणात पहिलं सांगतो, आदेश पाठ करू नका, विचारा. नळाला पाणी किती वाजता येतं? संडासची रांग कधी कमी असते? तुम्हाला नेलं तर घरातल्या म्हातारीला कोण बघणार?

लोक घाबरले की साहेब म्हणतो, अडाणी आहेत. २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईचे गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. का? आत नेलेला माणूस बाहेर येतो तो मढं होऊनच, असं त्यांना दिसत होतं. गिनी देशातल्या वोमे गावात, सप्टेंबर २०१४ मध्ये, इबोलाची माहिती सांगायला गेलेल्या पथकातली आठ माणसं मारली गेली. त्या खुनांची वकिली मी करणार नाही. पण त्याच वर्षी दफनाचे नियम बदलावे लागले. घरच्यांना आधी विचारायचं, त्यांच्या धर्माप्रमाणे प्रार्थना होऊ द्यायची. आधी विचारलं असतं तर?

दुसरं. माहीत आहे ते सांगा, माहीत नाही तेही सांगा. ‘काही होत नाही हो’ म्हणालात आणि दोन दिवसांनी शेजारचा गेला, की तुमचं दार कायमचं बंद.

आणि हे सगळं करणारी कोण, तर ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मोबदला! जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, त्या काय हौस म्हणून? उपाशी माणसाला गोड बोलायचं ट्रेनिंग देताना थोडी लाज वाटू द्या, हे मी वरच्यांनाही तोंडावर सांगतो.

चला, आता वह्या मिटा. दोघं-दोघं समोरासमोर बसा. एक कार्यकर्ता, दुसरा ताप लपवणारा घरवाला. घरवाल्यानं दार अर्धंच उघडायचं. आणि कार्यकर्त्यानं पहिली पाच मिनिटं एकही सूचना द्यायची नाही.