शाप आणि उःशाप



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, भुतांवर बोलू नये, असे काहींना वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, आणि तेथे कपाट निवडताना आम्ही कधी सोवळे पाळले नाही. शिवाय आजचा विषय आमच्या कामापासून फारसा लांबचा नाही. दिलेला शब्द मोडणाऱ्याचे पुढे काय करावयाचे, हाच तो विषय होय.

इंग्रज लेखक टोल्किन ह्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतकथा १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या खंडात शापित भुतांचे एक सैन्यच आहे. हे मूळचे डोंगरी लोक. एरेक नावाच्या टेकडीवरील काळ्या शिळेपाशी त्यांच्या राजाने इसिल्दुर राजाला शपथ दिली होती की, युद्धात तुमच्या बाजूने लढू. युद्ध आले तेव्हा ते उठलेच नाहीत, कारण पूर्वी त्यांनी शत्रूचीच पूजा केलेली होती. पण ते शत्रूच्या बाजूनेही लढले नाहीत. डोंगरात दडून बसले आणि हळूहळू झिजून संपले. शपथ पुरी होईपर्यंत तुम्हाला विसावा नाही, असा इसिल्दुरचा शाप होता. त्यामुळे मेल्यावरही तीन हजारांहून अधिक वर्षे ते तेथेच तिष्ठत राहिले.

आता ह्या भुतांची जात पाहा. आपल्याकडचा मुंजा पिंपळ सोडीत नाही, समंध पुरलेले धन सोडीत नाही. एकाला झाड बांधते, दुसऱ्याला ठेवा बांधतो. टोल्किनच्या भुतांना बांधणारी वस्तू कोणतीच नाही. त्यांना बांधले आहे ते त्यांच्याच तोंडच्या शब्दाने.

आणि त्यांची शक्ती किती? २००३ साली निघालेल्या चित्रपटात ही भुते मुख्य रणांगणावर उतरून शत्रूची कत्तल करतात. पुस्तकात तसे नाही. तेथे इसिल्दुरचा वारस अ‍ॅरागॉर्न त्यांना हाक देतो आणि पेलार्गिर बंदरापर्यंत नेतो. त्यांना पाहताच चाचे गलबतांवरून पाण्यात उड्या टाकतात. भुतांच्या तलवारी खरोखर कापतात की नाही, हे पाहण्याची वेळच येत नाही. भीती हेच त्यांचे हत्यार. पुढचे सारे काम जिवंत माणसांचे. वल्ह्यांना साखळदंडांनी जखडलेले गुलाम मोकळे होतात, पळालेले गावकरी परत येतात आणि मोकळी माणसे वल्ही मारीत ती गलबते युद्धाकडे नेतात. आमच्या मते पुस्तकच खरे बोलते. भीतीने बंदर रिकामे होईल, पण गलबत हलावयाचे तर हातच लागतात.

त्याच बंदरात अ‍ॅरागॉर्न त्या भुतांना सांगतो की, तुमची शपथ पुरी झाली, आता जा. त्यांचा राजा भाला मोडून टाकतो, वाकून नमस्कार करतो, आणि सारे सैन्य धुक्यासारखे विरून जाते. मोठी लढाई अजून पुढेच होती. असे सैन्य हाताशी असताना ते सोडणे सोपे नव्हते. पण ठरलेले काम झाले, सुटी दिली. ओव्हरटाइम मागितला नाही. शपथ घेणारा आणि शपथ घालणारा, असे दोघेही शब्दाला बांधलेले असतात, हे येथे दिसते.

आपल्या पुराणांत ह्याला नेमका शब्द आहे : उःशाप. नहुष साप होऊन पडला, पण युधिष्ठिराच्या भेटीने सुटला. टोल्किनच्याच कथेत अंगठ्यांच्या लोभाने छायारूप झालेले नऊ जण आहेत. त्यांचेही मुख्य हत्यार भीतीच. पण त्यांना उःशाप नाही, म्हणून ते शेवटपर्यंत गुलामच राहतात. डोंगरी लोकांच्या शापात सुटकेची अट होती, म्हणून हाक येताच ते उठले.

संपाची शपथ घेऊन दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने कामावर गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. एका कारखान्यात अशा एका गृहस्थाशी खात्यातले लोक वर्षानुवर्षे बोलत नसत. पुढे छाटणीची नोटीस लागली. सह्यांचा कागद त्याच्याकडे न्यावयास कोणी तयार होईना. आम्ही नेला. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर सर्वांच्या आधी तो उभा होता. त्याला कोणी हार घातला नाही, पण दुपारी कोणीतरी चहाचा पेला पुढे केला.

उःशाप म्हणजे फुकटची क्षमा नव्हे. राहिलेले काम पुरे करावेच लागते, मग तो कामगार असो वा करार मोडलेला मालक असो. पण ते पुरे करण्याची वाट मोकळी ठेवणे, ही ज्याला शब्द दिला गेला त्याची जबाबदारी आहे. ही वाट जो बंद करतो, त्याच्या पदरी भुतांची भीती तेवढी उरते. उपयोगाला माणूस उरत नाही.