उगमाशीच उपाय



1871 साली पुऱ्या झालेल्या एकरुख तलावापासून 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणापर्यंत पाण्याची प्रत्येक तजवीज जिने जिवापाड जपली, त्या सिद्धरामेश्वरांच्या सोलापूर नगरीत आपणां प्रतिनिधींचे स्वागत करताना, पाण्यातील फिनॉलच्या निष्कर्षणाचा आपला विषय आम्हांस केवळ प्रयोगशाळेतला वाटत नाही, हे निवेदन करणे मला अगत्याचे वाटते. पुणे-पिंपरीच्या मुलखातून आलेले पाणी उजनीत साठते आणि तेच आम्ही पितो. त्यात फिनॉलचा लेश उतरला, तर शुद्धीकरणाचा क्लोरीनच त्याचे क्लोरोफिनॉल बनवून पाण्याची चव नासवतो. म्हणूनच पेयजलात लिटरमागे मिलिग्रॅमचा सहस्रांश एवढीच मर्यादा भारतीय मानकाने स्वीकार्य ठरविली आहे. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यास मात्र एक मिलिग्रॅमची मुभा आहे. हे हजारपटींचे अंतर बिचाऱ्या नदीने भरून काढावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

कोळशापासून वायू काढणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल ग्रॅमांच्या मापाने असते, आणि ते पाण्यातून ओढून काढणाऱ्या विद्रावकाचे खरे सामर्थ्य तेथेच दिसते. पाण्याच्या सुमारे दुप्पट प्रमाणात फिनॉल ओढणारे बेंझीन समान आकारमानाने एकदाच घुसळले तर एक-तृतीयांश फिनॉल मागे उरते, परंतु तेच बेंझीन दोन समान हप्त्यांत वापरले तर एक-चतुर्थांश. आणि फिनॉल अल्कधर्मी पाण्यातून विद्रावकाकडे वळत नाही, या त्याच्या स्वभावाचाच लाभ घेऊन कॉस्टिक सोड्याने ते बेंझीनमधून परत काढता येते, म्हणजे फिनॉलही हाती येते आणि बेंझीनही पुन्हा कामास लागते. तथापि बेंझीन स्वतःच कर्करोगकारक. ब्युटिल ॲसिटेट वा डायआयसोप्रोपिल ईथर फिनॉलला कितीतरी अधिक ओढतात, पण त्यांचाही काही अंश पाण्यात विरघळून राहतोच. एक विष काढताना दुसरे मागे ठेवणे याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

आमची भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेस मिळते. तेव्हा चादरींच्या रंगाईचे सांडपाणी सोडणाऱ्या आम्हां सोलापूरकरांनाही उगमाशीच पाणी शुद्ध करण्याच्या जबाबदारीतून सूट नको. आपणांस एवढीच विनंती की, येथे वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधात फिनॉल किती निघाले याबरोबरच विद्रावक किती मागे राहिला, याचाही चोख हिशेब द्यावा.