गोवामुक्तीचा लढा

गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता 1510 पासून होती. 1947 मध्ये इंग्रज गेले, तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोवा, दमण आणि दीव सोडण्यास नकार दिला. त्याआधीच, पोर्तुगिजांची सभाबंदी मोडण्यासाठी 18 जून 1946 रोजी समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभा घेतली. पोलिसांनी त्यांना अटक केली, पण लोकांची भीती मोडली.

1954 मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके त्यात सहभागी होते. 1955 मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट यांच्यासारखे सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. त्या वर्षी 15 ऑगस्टला बांद्याजवळच्या पत्रादेवी सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तिरंगा घेतलेल्या सहोदरा राय जखमी झाल्या. तिरंगा सावरायला धावलेले पंजाबचे कर्नैलसिंग गोळी लागून हुतात्मा झाले. पुढे भारताने सीमा बंद केली. आझाद गोमंतक दलाने मात्र सशस्त्र मार्ग धरला होता. त्याचे मोहन रानडे 1969 पर्यंत कैदेत राहिले.

वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अखेरपर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी पाळला नाही आणि 19 डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने हे विलीनीकरण मान्य केले ते 1974 च्या सत्तांतरानंतर. पुढच्याच वर्षी मोझांबिक आणि अंगोला या पोर्तुगीज वसाहतीही स्वतंत्र झाल्या.